चाकणचा संग्रामदुर्ग

इ. स. पूर्व 217 मध्ये हॅनिबलसारख्या प्रबळ परकीय सेनानीशी उघड्या मैदानात झुंजण्याचे टाळून कालहरण हेच शस्त्र करणारा रोमचा फेबियस विख्यात आहे. परंतु 1660 साली औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान अफाट फौजेनिशी चाकणवर चालून आला, तेव्हा डोंगराचा आश्रय नसलेल्या या भुईकोटाचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळे यांनी, शिवाजी महाराज पन्हाळ्याकडे गुंतलेले असता व कुमकेची आशा नसता, मोजक्या शिबंदीनिशी पन्नासांहून अधिक दिवस तो वेढा थोपवून धरला, हे माझ्या मते अधिक बिकट कर्म होय. अखेर भुयार खणून, सुरुंगाने बुरूज उडवून खानाने कोट घेतला. त्याने देऊ केलेली चाकरी फिरंगोजींनी नाकारली. आणि खानही, डोंगरी किल्ल्यांच्या वाटेस न जाता, पुण्यास परतला.