उसने अवसान आणि अंगचे बळ



मराठीच्या प्राध्यापकाने इंजिनावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते विज्ञानाचे शिक्षक होते, आणि या शाळेचे काही विद्यार्थी आज भालकी, बसवकल्याण, आळंद या परिसरात गॅरेज चालवतात. जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करण्याची हौस आता आपल्याकडेही आली आहे. त्या हौसेबरोबर एक प्रश्न हटकून येतो : जुन्या स्पोर्ट्स मोटारीला सुपरचार्जर किंवा टर्बोचार्जर बसवावा काय? वरकरणी हा मेकॅनिकचा प्रश्न आहे. पण जुन्या वस्तूशी आपण कसे वागावे हा त्याचा गाभा आहे, आणि तो पोथ्या हाताळणाऱ्यांच्याही ओळखीचा आहे.

प्रथम यंत्राचे पाहू. लोहार भाता मारतो तेव्हा कोळसा का फुलतो? त्याला अधिक हवा मिळते म्हणून. इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते. साधे इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढ्यावरच चालते. ती दाबून आत लोटली, तर त्याच आकारात अधिक इंधन जाळता येते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरून पट्ट्याने वा गिअरने फिरणारा भाता. तो आपल्या कामासाठी इंजिनाचीच काही शक्ती खातो. टर्बोचार्जर वाया जाणाऱ्या धुराच्या झोतावर फिरतो. एका दांड्याच्या एका टोकाला धुराने फिरणारे चक्र आणि दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चक्र; त्यांच्या फेऱ्या मिनिटाला लाखाच्या वर जातात. बिदरच्या आकाशात वायुदलाची हॉक विमाने आपण नेहमी पाहतो. त्यांच्या जेट इंजिनातही झोताने फिरणारे चक्र हवा दाबणाऱ्या चक्राला फिरवते. टर्बो हा त्याच कुळातला आहे.

ही कल्पना नवी नाही. गॉटलिब डाइमलर यांनी १८८५ मध्ये हवा दाबून भरण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांचे टर्बोविषयीचे पेटंट १९०५ चे. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांवरील शिखरावर विमानाचे इंजिन नेऊन दाखवून दिले की, विरळ हवेत गमावलेली शक्ती टर्बो परत मिळवून देतो.

मात्र फुकट काही मिळत नाही. हवा दाबली की तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकते, इंजिन खडखडू लागते आणि पिस्टनला भोके पडतात. म्हणून कॉम्प्रेशन रेशो कमी करावा लागतो, दाबलेली हवा थंड करावी लागते, कार्बोरेटर, तेलाचा पुरवठा, रेडिएटर, क्लच आणि ब्रेक हे सारे नव्याने तपासावे लागते. कलबुर्गीला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे मुळातच तापलेली हवा आणखी दाबणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. भाता बेताने मारला तर लोखंड घडते. बेभान मारला तर जळते.

या बाबतीत बेंटले मोटारीची कथा बोधप्रद आहे. डब्ल्यू. ओ. बेंटले यांचा सुपरचार्जरला ठाम विरोध होता. शक्ती हवी तर इंजिन मोठे करा, हे त्यांचे मत. टिम बर्किन या शर्यतपटूने ते मानले नाही आणि साडेचार लिटरच्या बेंटलेला सुपरचार्जर लावून घेतला. १९३० च्या ल मान्स शर्यतीत बर्किनच्या गाड्या मध्येच बंद पडल्या, आणि सुपरचार्जर नसलेल्या, मोठ्या इंजिनाच्या बेंटले पहिल्या व दुसऱ्या आल्या. तरीही त्याच वर्षी बर्किन फ्रेंच ग्रां प्रीमध्ये दुसरा आला. आज त्याच ‘ब्लोअर’ बेंटले सर्वांत मौल्यवान बेंटलेंत गणल्या जातात. काळाने तो प्रयोगही इतिहासात जमा केला.

आपल्या मराठी जगातले उदाहरण इंदूरचे. महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकन ड्यूझेनबर्ग मोटार घेतली आणि तिचा देह लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून घडवून घेतला. ती सुपरचार्जरची होती. साध्या ड्यूझेनबर्गची शक्ती कारखाना २६५ अश्वशक्ती सांगे, सुपरचार्जरसह ३२०. पण कारखान्याने वर नुसता भाता ठेवला नव्हता. ॲल्युमिनियमच्या कनेक्टिंग रॉडऐवजी पोलादी नळीचे रॉड घातले होते. बाहेरून बळ देण्याआधी आतला सांगाडा सशक्त केला होता. ज्यांनी हे भान राखले नाही त्यांची फजिती झाली. १९६२ ची टर्बो असलेली ओल्ड्समोबिल जेटफायर घ्या. तिला इंजिन खडखडू नये म्हणून पाणी व मिथेनॉलचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. ते भरण्याची आठवण मालकांना राहीना. पुढे अनेक गाड्यांतला टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवला गेला.

आता कायद्याचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. पण अट अशी की, गाडी मूळ रूपात राखलेली असावी आणि तिच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. होळकरांची ड्यूझेनबर्ग मूळचीच सुपरचार्जरची. तिचे मूळ रूप तेच. आपण आज एखाद्या जुन्या गाडीला टर्बो लावला, तर थोड्या वेगासाठी तिचे हे स्थान आपणच धोक्यात घालतो.

मित्रांनो, इथे मला नाथांची आठवण होते. ज्ञानेश्वरीत तीन शतकांत पाठभेद आणि प्रक्षेप शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. नाथांपाशी प्रतिभा नव्हती असे कोण म्हणेल? स्वतःला जे सांगायचे होते ते त्यांनी भागवतात सांगितले. ज्ञानेश्वरीत घुसडले नाही. नवनिर्मिती आणि जतन या दोन्ही वाटा त्यांनी चोखाळल्या, पण त्यांची सरमिसळ केली नाही.

हाच विवेक गॅरेजमध्ये हवा. टर्बो बसवण्याचे कौशल्य जरूर मिळवा; पण ते प्रयोगासाठीच्या इंजिनावर, नव्याने घडवलेल्या गाडीवर दाखवा. जी गाडी दुर्मिळ आहे, जिचे मूळ इंजिन शाबूत आहे, तिला कापू नका. जुन्या गाडीत काही बदलणे भागच पडले, तर ते पुन्हा काढता येईल असेच करा. काढलेला भाग जपून ठेवा. काय केले, केव्हा केले हे वहीत लिहून ठेवा. मागून येणाऱ्याला मूळ पाठ कोणता आणि आपली ओवी कोणती, हे कळले पाहिजे.

उसने अवसान काही काळ धाव देते. जुन्या वस्तूचे अंगचे बळ मात्र तिच्या खरेपणात असते, आणि ते एकदा गेले की कोणताही भाता ते परत आणू शकत नाही.