धूर छातीत, भार हृदयावर

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेले भाषण)





शिक्षकाला बोलायला उभे केले की तो अभ्यास, परीक्षा आणि शिस्त यांवरच बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. आज मी आपली थोडी निराशा करणार आहे. मला आपल्या घरातील चुलीविषयी आणि बिडीविषयी बोलायचे आहे, आणि त्यांच्या धुराने आधी फुफ्फुसाचे व मग हृदयाचे काय होते हे सांगायचे आहे. मी डॉक्टर नाही. बी. ए., बी. एड. झालेला, सातपुड्याच्या कुशीतल्या काठी गावी मुलांना शिकवणारा एक साधा मास्तर आहे. तेव्हा औषधे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु जी गोष्ट मला फार उशिरा कळली, ती आपल्याला वेळेवर कळावी एवढ्यासाठी मी उभा आहे.

माझ्या अम्मीला दर हिवाळ्यात खोकला होई. आम्ही त्याला 'थंडीचा खोकला' म्हणत असू. हळद-दूध होई, काढा होई, फाल्गुन लागला की खोकला कमी होई आणि आम्ही विसरून जात असू. पुढे पुढे नळावरून घरी येताना ती वाटेत एकदा थांबू लागली, मग दोनदा. मग पायांवर सूज आली. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्याचा वळ पायावर तसाच राही. मी तिला म्हणालो, "अम्मी, आता वय झालं." तिचे वय तेव्हा अठ्ठावन्न होते. मित्रहो, हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही.

एका पौषातल्या रात्री तिचे ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "बिडी ओढता का?" अम्मीने लाजून पदर तोंडाला लावला. मग त्यांनी विचारले, "चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?" ती म्हणाली, "हात पुरायला लागले तेव्हापासून." डॉक्टरांनी मान हलवली. तपासण्या झाल्यावर ते मला म्हणाले, "मास्तर, मूळ आजार फुफ्फुसाचा आहे, पण आता हृदयाची उजवी बाजू थकली आहे."

मला काही समजेना. दुखणे फुफ्फुसाचे, मग हृदय का थकावे? त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी तोच विचार करीत होतो. पुढे वाचले, विचारले, तेव्हा उलगडा झाला. तो आपल्याला शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो.

आपल्या विहिरीवर मोटार असते. ती पाणी पाइपातून शेतात ढकलते. पाइपात गाळ साचला, तर पाणी पुढे जाण्यासाठी मोटारीला जास्त जोर लावावा लागतो. काही दिवस ती लावते, मग तापते आणि शेवटी जळते. आपण म्हणतो मोटार खराब निघाली. खरे पाहता दोष गाळाचा असतो.

आपले हृदय म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दोन मोटारी आहेत. डावी मोटार सर्व शरीराला रक्त पुरवते. उजवी मोटार शरीरातून परत आलेले रक्त फक्त फुफ्फुसांकडे धाडते, तेथे ते प्राणवायू घेते आणि डावीकडे येते. विश्रांतीच्या वेळीसुद्धा दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त असे फुफ्फुसांतून फिरते. निरोगी फुफ्फुसातील वाट मोकळी असते, म्हणून उजव्या बाजूला फारसा जोर लागत नाही आणि तिची भिंतही डावीपेक्षा पातळ असते. वर्षानुवर्षे धूर गेला की श्वासनलिका सुजतात, वायुकोश नष्ट होतात आणि त्यांच्याबरोबर बारीक रक्तवाहिन्याही जातात. जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथील उरलेल्या रक्तवाहिन्या आकसून घेतात. वाट अरुंद झाली. उजवी बाजू जोर लावते, जाड होते, पसरते आणि थकते. मग रक्त मागे तुंबते. पाय सुजतात, मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजते, पोट जड होते. वैद्यकात या अवस्थेला 'कॉर पल्मोनाले' म्हणतात. अम्मीच्या पायावरचा वळ वयाचा नव्हता, तो या तुंबलेल्या रक्ताचा होता.

विद्यार्थी मित्रांनो, हृदय आणि फुफ्फुस यांचे हे नाते प्रथम कोणी ओळखले, हे आपल्याला माहीत असावे. ग्रीक वैद्य गॅलन याचे मत असे की, हृदयाच्या मधल्या पडद्यात अदृश्य छिद्रे असून त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते. हे मत हजार वर्षांहून अधिक काळ मानले गेले. तेराव्या शतकात दमास्कस येथे शिकलेल्या व कैरो येथे काम केलेल्या इब्न अन-नफीस या हकिमाने १२४२ साली इब्न सीनाच्या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. त्यात त्याने स्पष्ट सांगितले की, मधल्या पडद्याला छिद्रे नाहीत. रक्त उजव्या बाजूने फुफ्फुसांत जाते, तेथे हवेशी मिळते आणि मगच डावीकडे येते. विल्यम हार्वे याचा रक्ताभिसरणावरील प्रसिद्ध ग्रंथ १६२८ चा, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षांनंतरचा. इब्न अन-नफीसचे हे लिखाण मात्र विस्मरणात गेले होते. १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित सापडले, तेव्हा जगाला ते नव्याने कळले. थोर माणसांचा नुसता अभिमान बाळगून भागत नाही. त्यांनी जे शोधले ते आपल्या घरच्या आजारात उपयोगी पडले पाहिजे, म्हणून हे सांगितले.

दुसरे नाव आपल्या देशातले आहे. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती या भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात काम करताना त्यांच्यासमोर अशा स्त्रिया येत, ज्यांच्या हृदयाची उजवी बाजू फुफ्फुसाच्या रोगामुळे थकलेली असे. १९५९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने अशा १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विशेष हे की, धूम्रपान करणाऱ्यांत पुरुष फार आणि स्त्रिया थोड्या, तरी रोग मात्र स्त्रियांनाही पुरुषांइतकाच, आणि तोही कमी वयात. संशय चुलीच्या धुराकडे गेला. म्हणजे माझ्या अम्मीला डॉक्टरांनी विचारलेला दुसरा प्रश्न साठ वर्षांपूर्वी दिल्लीत विचारला गेला होता. डॉ. पद्मावती २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांनी विचारलेला प्रश्न आमच्या घरापर्यंत पोहोचायला एवढी वर्षे लागली.

काठीची राजवाडी होळी पाहायला दूरदूरचे लोक येतात. मी मात्र हे गाव हिवाळ्यातल्या सकाळी रोज पाहतो. कौलांच्या फटींतून एकाच वेळी घराघरांतला धूर वर येतो. लांबून तो फार सुंदर दिसतो. आत मात्र एक बाई फुंकणी घेऊन बसलेली असते आणि तिच्या मांडीवर लेकरू असते. घर भिल्लाचे असो, आपल्या समाजाचे असो की आणखी कोणाचे, धूर जात विचारीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आपल्याला वाटेल, ही सगळी दम्याने गेली असतील. तसे नाही. त्यांतील शंभरामागे ३२ हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने गेली, २३ पक्षाघाताने आणि १९ 'सीओपीडी' या फुफ्फुसाच्या जुनाट रोगाने. कारण धुरातले अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात थांबत नाहीत. त्यांचा दाह रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो, रक्ताच्या गुठळ्या होण्यास मदत करतो आणि डाव्या बाजूलाही घातक ठरतो.

बिडीचे तेच. बिडी लहान म्हणून तिचा धूर लहान नसतो. घरात बाप बिडी ओढतो, तेव्हा तिचा धूर भिंतीशी अभ्यास करणाऱ्या मुलाच्या छातीतही जातो. क्षयरोगाचेही येथे सांगितले पाहिजे. उपचार अर्धवट सोडले किंवा उशिरा केले, तर फुफ्फुसावर व्रण राहतात आणि पुढे तोच भार हृदयावर येतो. कधी क्षयाचे जंतू हृदयाच्या आवरणातच पाणी साठवतात. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून आपण तिचा खोकला लपवतो. रोग लपत नाही, वाढतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, औषधेही मोफत मिळतात.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक गृहपाठ देतो. वहीत लिहायचा नाही. आज घरी गेल्यावर आईच्या किंवा दादीच्या पायाच्या घोट्याजवळ, हाडावर, अंगठ्याने हळू दाबून पाच-दहा आकडे मोजा. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला, तर ती सूज आहे. नळावरून येताना ती वाटेत थांबते का, ते पाहा. रात्री उशा उंच करून झोपते का, ओठ किंवा नखे निळसर दिसतात का, तेही पाहा. पायांची सूज मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा रक्त कमी असल्यानेही येते, म्हणून निदान घरी करायचे नाही. पाहायचे आणि डॉक्टरांना सांगायचे. करोनाच्या साथीत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आपण सर्वांनी पाहिले. त्या वेळी आपल्या नंदुरबार जिल्ह्याने तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने ऑक्सिजननिर्मितीचे प्रकल्प वेळेआधी उभारले आणि देशभर त्याचे नाव झाले. प्राणवायूची किंमत आपल्याला ठाऊक झाली आहे. साथ गेली म्हणून ती विसरू नये.

पालकांनो, करण्यासारखे पुष्कळ आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि घरोघरी गॅस आला. परंतु बऱ्याच घरांत मी पाहतो, सिलिंडर कोपऱ्यात आहे, त्यावर विणलेले झाकण आहे, पाहुणा आला की त्यावर चहा होतो आणि भाकरी चुलीवरच. सिलिंडर महाग आहे हे मी जाणतो, माझाही पगार मोजकाच आहे. निदान लेकरू घरात असताना व हिवाळ्यात गॅस वापरा. चूल पेटवणारच असाल, तर ती ओसरीत किंवा मोकळ्या छपराखाली मांडा. दारासमोर खिडकी काढा. लाकूड वाळलेले घ्या, डाळ भिजवून घाला, भांड्यावर झाकण ठेवा, म्हणजे चूल कमी वेळ जळेल. मच्छर अगरबत्ती बंद खोलीत रात्रभर जाळू नका, मच्छरदाणी बरी. मिरचीच्या पथारीवर कामाला जाणाऱ्यांनी नाकातोंडाला फडके बांधावे. बिडी सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, तेव्हा 'आता काय उपयोग' असे कोणी म्हणू नये.

दम्याच्या पंपाची 'सवय लागते' ही समजूत सोडून द्या. पंपातील औषध थेट फुफ्फुसात जाते, म्हणून ते थोडे पुरते. रमजानमध्ये तो आपल्या मनाने बंद करू नका. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे. डॉक्टरांना विचारा, जाणकार आलिमांना विचारा आणि मग ठरवा. ज्यांच्या रक्तात प्राणवायू सतत फारच कमी असतो, त्यांना डॉक्टर घरी रोज पंधरा तास किंवा अधिक ऑक्सिजन घ्यायला सांगतात. त्याने आयुष्य वाढते, हे १९८० व १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी दाखवून दिले आहे. नाकाला नळी लागली म्हणजे शेवट आला, असे समजून ती काढून टाकू नका.

अम्मी त्यानंतर तीन वर्षे आमच्यात होती. अब्बांनी तिच्या खाटेशेजारी बसून बिडी सोडली. माझी मुलगी तेव्हा चूल पेटवायला हौसेने धावे. अम्मी तिला नळी लावलेल्या नाकाने, तुटक्या श्वासाने हाक मारी, "बेटी, इकडे ये, धुरात बसू नकोस." आमच्या घरी आता चूल अंगणात आहे, आणि गॅसवरचे विणलेले झाकण मी काढून ठेवले आहे.

 गृहपाठ विसरू नका. एवढे बोलून आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद.