जलदगती रेल्वे आणि आपली मोसंबी

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



समृद्धी महामार्ग आपल्या जालना व बदनापूर तालुक्यांतून गेला. आता त्याच्याच बाजूने मुंबई–नागपूर जलदगती रेल्वे जाणार, अशी चर्चा गावोगाव ऐकू येते. रेल्वे मंत्रालयाने २०२० साली सविस्तर अहवालासाठी सात मार्ग निवडले, त्यांत मुंबई–नाशिक–नागपूर हा मार्ग होता. मार्च २०२१ मध्ये त्याची हवाई मोजणीही सुरू झाली. परंतु अहवाल म्हणजे मंजुरी नव्हे आणि मोजणी म्हणजे संपादन नव्हे. तेव्हा ऐकीव बातमीवर कोणी जमीन विकू नये, की फळती बाग मोडू नये.

अशा रेल्वेला जमीन किती लागते? मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग बहुतांशी खांबांवरून जातो. त्याचा पट्टा सुमारे साडेसतरा मीटर रुंद आहे. समृद्धीचा पट्टा १२० मीटरचा. म्हणजे शेतातून २०० मीटर लांबी गेली, तर महामार्गाला जवळजवळ सहा एकर आणि अशा रेल्वेला सुमारे ३५ गुंठे जमीन लागते. ६ × ६ मीटरवर लावलेल्या मोसंबीची एवढ्यात ९७ झाडे बसतात. बाग चांगली फळायला पाच-सहा वर्षे लागतात, म्हणून हे नुकसान एका हंगामाचे नसते. शिवाय ही गाडी मुख्यतः प्रवाशांची असते. मोसंबी ट्रकने आणि मालगाडीनेच जाणार, हे ध्यानात असू द्यावे.

मग आज काय करावे?

पहिली गोष्ट, सातबारा पाहावा. विहीर, बोअर, फळझाडांची संख्या यांची नोंद आहे का? ई-पीक पाहणीत बागेची नोंद दरवर्षी स्वतः करावी. कलमांच्या आणि ठिबक संचाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीबरोबर झाडे, विहीर व बांधकामाचेही मूल्य धरतात आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. नोंदच नसेल तर हक्क सिद्ध करणे जड जाते.

दुसरी गोष्ट, खरेदीखतात खरी किंमत लिहावी. बाजारभाव ठरवताना परिसरातील मागील तीन वर्षांचे व्यवहार पाहतात. एकाने किंमत कमी दाखवली, तर फटका सगळ्या शिवाराला बसतो.

तिसरी गोष्ट, या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाल्यास ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. शेताचे दोन तुकडे होत असतील, तर पाइपलाइन व बैलगाडीची वाट पलीकडे नेण्याची मागणी त्याच वेळी लेखी करावी.

चौथी गोष्ट मातीची. बांधकामासाठी जमीन तात्पुरती भाड्याने दिली, तर वरचा फूटभर थर वेगळा काढून काम संपल्यावर परत पसरण्याची अट करारात घालावी. ओल्या काळ्या जमिनीवर जड यंत्रे फिरली की ती दाबली जाते, पाण्याचा निचरा होत नाही आणि मोसंबीवर डिंक्या बळावतो. नाल्याचा प्रवाह अडणार नाही, हेही पाहावे.

रेल्वे केव्हा येईल ते येवो. सातबाऱ्यावरील नोंद मात्र याच हंगामात करून घ्या. तलाठ्याकडे जाताना शेजाऱ्यालाही बरोबर न्या.