बिनदांड्याची सायकल

गोंदिया तालुक्यांतील दवनीवाड्यासारख्या एखाद्या गांवीं जुन्या घराचा माळा झाडतांना, धानाच्या रिकाम्या पोत्यांखालीं, बायकांची एक सायकल सांपडली असें क्षणभर समजावें. टायर कुजून रिमांना चिकटलेले. सीटचें चामडें वाळून लाकडासारखें झालेलें. चेन गंजून काठीसारखी ताठ. हँडल आणि सीट यांना जोडणारा आडवा दांडा मात्र मुळांतच नाहीं. त्याच्या जागीं दोन नळ्या हँडलाच्या मानेपासून पायडलांच्या दिशेनें तिरप्या उतरत गेलेल्या. घरांतील वडीलधारें माणूस म्हणेल, “ही आजीची सायकल.” तरुण मुलगा म्हणेल, “भंगारवाल्याला देऊन टाका.” आणि तिसरा कोणी उत्साही गृहस्थ म्हणेल, “छे, छे! हिला अगदीं नवी करून टाकूं.” या तिघांपैकीं त्या सायकलीनें खरें भय कोणाचें बाळगावें, हें श्रोत्यांनीं शेवटीं स्वतःच ठरवावें; परंतु तिसऱ्या गृहस्थांविषयीं थोडें सावध राहिलेलें बरें.

प्रथम हा दांडा गेला कां, तें पाहिलें पाहिजे. १८८५ सालीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची, चेननें मागचें चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल काढली, आणि तीनच वर्षांनीं, १८८८ मध्यें, बेलफास्ट येथें डनलॉपनें हवा भरलेला टायर सिद्ध केला. यापुढें सायकल ही तालीमबाज तरुणांची मिरास राहिली नाहीं. स्त्रियांनाही ती हवीशी झाली. पण त्यांचा घोळदार झगा दांड्यावरून पलीकडे जाईना. तेव्हां कारखानदारांनीं दांडाच खालीं वांकविला. हें वाटतें तितकें स्वस्त नव्हतें. सायकलीच्या सांगाड्याचें बळ त्रिकोणांत असतें, आणि वरची बाजू काढली कीं त्रिकोण मोडतो. मग त्याची भरपाई जाड नळ्यांनीं करावी लागते, आणि सायकल जड होते. १८९४ सालीं जगप्रवासास निघालेल्या ॲनी लंडनडेरी हिची बायकी सायकल ४२ पौंड वजनाची होती. शिकागोस पोंचल्यावर तिनें ती टाकून पुरुषांची २१ पौंडी सायकल घेतली आणि झग्याच्या जागीं विजार चढविली! म्हणजे स्त्रीच्या सोयीसाठीं म्हणून जें केलें, त्याचा भार अखेर तिच्याच पायांवर पडला होता.

महाराष्ट्राच्या बाबतींत यांत एक गंमत आहे. कासोटा घातलेल्या नऊवारी लुगड्याला दांड्याची अडचण मुळींच नव्हती. अडचण आली ती गोल पांचवारी पातळाला. आणि चेनमध्यें वस्त्र अडकण्याचें भय जितकें पातळाला, तितकेंच पुरुषाच्या धोतराला. म्हणून चेन पूर्णपणें झांकणारें पत्र्याचें चेनकव्हर हिंदुस्थानांत बायकांइतकेंच पुरुषांनाही उपयोगी पडे. इंग्लंडांत सनबीम कंपनीनें तर तें कव्हर बंदिस्त करून आंत तेल भरलें, आणि चेन जन्मभर तेलांत न्हात राहील अशी तजवीज केली.

आतां माळ्यावरच्या सायकलीकडे वळावयास हरकत नाहीं. तिला हात लावण्यापूर्वीं तिची चौकशी केली पाहिजे. हँडलाच्या मानेवर कंपनीचा पितळी बिल्ला आहे काय. नळ्यांवर सोनेरी रेघा आणि अक्षरें यांचा मागमूस राहिला आहे काय. मागच्या चाकांत तीन वेगांचा हब असल्यास त्यावर कांहीं आंकडे ठोकलेले आहेत काय. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या पुष्कळशा हबांवर बनावटीचें वर्ष ठोकलेलें सांपडतें, तिचा ‘ए. डब्ल्यू.’ हा प्रसिद्ध हब १९३६ पासूनचा. अर्थात् हबाचें वर्ष तेंच सांगाड्याचें वर्ष, असें मात्र धरून चालूं नये, चाकें बदलतात. जुन्या म्युनिसिपालिट्या सायकलींवर कर घेत आणि त्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. तसा एखादा बिल्ला अजून अडकलेला असला, तर सायकल कोणत्या गांवीं आणि कोणत्या सालीं फिरत होती, याची साक्ष आयती मिळते. मागच्या मडगार्डाच्या दोन्ही कडांना बारीक भोकांची रांग असेल, तर तीही नीट पाहावी. त्या भोकांतून दोऱ्या ओवून चाकाच्या आंसापर्यंत पंख्यासारखी जाळी ताणलेली असे, म्हणजे पदर आऱ्यांत जात नसे. जाळी केव्हांच तुटून गेलेली असते. भोकें मात्र राहतात.

येथेंच उत्साही गृहस्थांची गांठ पडते. ते कांचकागद घेऊन बसतात, सारा रंग खरवडून काढतात, आणि प्रत्येक लोखंडी तुकडा क्रोमचा मुलामा देण्यासाठीं धाडतात. वास्तविक १९३० च्या आधींच्या सायकलींवर मुलामा असे तो निकलचा. त्याची झांक किंचित् पिवळसर, ऊबदार. क्रोमची निळसर चकाकी नंतरची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तर क्रोमची टंचाई असल्यानें एरवीं चकाकणारे भाग काळे रंगवूनच सायकली बाहेर पडत. अशा युद्धकाळांतील सायकलीला जो आरशासारखी चमकवितो, तो तिच्या आयुष्यांतील एक खरें वर्ष पुसून टाकतो. भट्टींत भाजलेला मूळचा काळा रंग पातळ तेलाच्या बोळ्यानें धीमेपणानें पुसला, तर ठिकठिकाणीं पुष्कळच सजीव निघतो. गंज काढावा तेवढाच, जेवढा पुढें खात जाईल.

मोडतोड न करतां सायकल सुटी करणें ही एक विद्याच आहे. घासलेट आणि सबुरी ही तिचीं मुख्य हत्यारें. पायडलांचे हात ज्या कॉटरपिनांनीं आंसावर बसविलेले असतात, त्या पिना म्हणजे एका अंगानें सपाट केलेल्या लोखंडी खुंट्या. अननुभवी माणूस त्यांच्यावर वरून हातोडा घालतो. खुंटी वांकते, आणि तो सारा धक्का खालच्या छर्ऱ्यांवर बसतो. जाणता मिस्त्री खालून नळीचा भक्कम टेंकू देतो, नट पिनेच्या टोंकाशीं बरोबर आणून ठेवतो, आणि एकच निश्चयी ठोका मारतो. पुन्हां बसवितांना दोन्ही पिनांचीं तोंडें एकमेकींच्या उलट दिशेस हवींत. एरवीं एक पायडल खालीं असतां दुसरें बरोबर वर राहत नाहीं, आणि बसणाऱ्याला आयुष्यभर लंगडत चालल्याचा भास होतो. डावें पायडल आणि उजव्या बाजूचा तळचा कप यांचे आटे उलटे असतात, हेंही ज्याला ठाऊक नाहीं त्यानें पाना हातीं घेऊं नये. त्यांतून सायकल रॅले कंपनीची असेल तर आणखी पंचाईत: त्या कंपनीनें आपले आटे इंचामागें २६ ठेवले होते, आणि बहुतेक इतर इंग्रज कारखान्यांचे २४. दुसऱ्या सायकलीचा कप जबरदस्तीनें फिरविला, तर दोन वळशांत सांगाड्याचे आटे कायमचे जातात.

सुटे भाग मिळविण्याच्या कामीं इकडील माणूस विलायतेंतील हौशी माणसापेक्षां भाग्यवान् आहे. १९३० च्या सुमारास जी दणकट इंग्रजी धाटणीची सायकल रॅले, हर्क्युलस, फिलिप्स, बी. एस. ए. या नांवांनीं बोटींतून उतरत होती, तीच धाटणी पुढें देशी कारखान्यांनीं उचलली: १९४९ मध्यें मद्रासेस टी. आय., १९५१ मध्यें सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्यें लुधियान्यास हीरो. त्यामुळें सळयांचे ब्रेक, कॉटरपिना, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे, २८ बाय दीडचा टायर, या गोष्टी जगांत इतरत्र पुराणवस्तु ठरल्यावरही इकडील बाजारांत राबतच राहिल्या. तालुक्याच्या गांवीं एखाद्या वयस्क मिस्त्रीच्या पत्र्याच्या डब्यांत जें सहज सांपडतें, त्यासाठीं परदेशांतील माणूस वर्षभर वाट पाहतो.

मात्र मापांच्या नांवांवर विश्वासूं नये. जुन्या इंग्रजी ‘२६ बाय एक तीन-अष्टमांश’ टायराची रिमेवर बसण्याची कडा ५९० मिलिमीटर व्यासाची, आणि आजच्या डोंगरी सायकलीच्या ‘२६’ ची ५५९. नांव एक, अंतर ३१ मिलिमीटर! रिमही वाटेल ती चालत नाहीं. सळयांच्या ब्रेकचें रबर रिमेच्या आंतल्या अंगावर वर ओढलें जातें. त्यासाठीं रिमेचा आकारही तसाच लागतो. टायर, ट्यूब, ब्रेकचीं रबरें आणि छर्रे हे मात्र निःसंकोच नवे घालावे. जुना टायर जपून ठेवणें ही हौस असेल. त्यावर बसणें हा अविचार आहे.

पण एवढें सगळें बाजारांत मिळालें तरी जें मिळालें तें कोणत्याही सायकलीचें. ही सायकल बायकांची कशानें झाली होती? पूर्ण चेनकव्हर, पदर राखणारी जाळी, रुंद आणि आंखूड स्प्रिंगचें सीट, आणि तिच्या वांकविलेल्या सांगाड्याच्या मापानें कापलेल्या ब्रेकच्या सळया. आणि नेमक्या याच वस्तु बहुधा सर्वांत आधीं नाहींशा होतात. चेनकव्हर खडखडतें आणि पंक्चर काढतांना आड येतें, म्हणून कोणीतरी एके दिवशीं काढून ठेवतो. जाळी तुटते. सीट फाटल्यावर हातांत येईल तें बसविलें जातें. सायकल चालूच राहते. फक्त ती ज्या बाईसाठीं घडविली होती, तिचा विचार तिच्यांतून हळूहळू निघून जातो. काळास शोभतील असे भाग शोधण्याचा खटाटोप करावयाचा तो याच चार गोष्टींसाठीं.

त्यांतील जाळी तर घरींही होईल. सुती दोऱ्याची, मडगार्डाचीं भोकें मोजून, क्रोशाच्या सुईनें विणलेली जाळी हें काम गांवोगांवच्या हातांना परकें नाहीं. सीटचें चामडें फाटलेलें नसून नुसतें सुकलें असेल, तर त्याला मागून हळूहळू चरबी पाजावी, आणि पुढचा ताण देणारा नट एकदम आवळूं नये. वैशाखाच्या उन्हांत वाळलेलें आणि श्रावणांत बुरसलेलें चामडें घाईनें ताणलें तर खिळ्यांशींच फाटतें. फाटलेंच, तर १८६६ पासून चालत आलेली ब्रुक्स कंपनी तशींच सीटें अजूनही बनविते. किंमत ऐकून मात्र घरांतील मंडळींनीं खालीं बसावें. चेनकव्हर न मिळाल्यास जुन्या खिळ्यांच्या खुणांवरून पत्र्याचें काम करणाऱ्याकडून बनवून घेणें प्रामाणिकपणाचेंच आहे, जर आंतल्या बाजूस बनविल्याचें साल खरवडून ठेवलें तर.

उरला प्रश्न मध्यंतरींच्या दुरुस्त्यांचा. सांगाडा १९५० चा, आणि पायडलांचा दांतेरी चक्का कोणा मिस्त्रीनें पुढें केव्हांतरी बसविलेला देशी. कट्टर संग्राहक तो फेंकून देईल. परंतु त्या चक्क्यामुळेंच ती सायकल आणखी वीस वर्षें कोणाला कामावर घेऊन गेली असेल, तर तोही तिच्या इतिहासाचाच भाग. असा भाग धड चालत असेल तर राहूं द्यावा. आणि बदललाच, तर चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. पुण्यास कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांनीं २०१७ मध्यें जुन्या सायकलींचें संग्रहालय सर्वांस खुलें केलें. दुसऱ्या महायुद्धांत विमानांतून उतरणाऱ्या सैनिकांसाठीं बनविलेली घडीची बी. एस. ए. सायकल त्यांच्या संग्रहांत आहे. तेथें एक फेरी मारणाऱ्यास, काय बदलावें आणि काय राहूं द्यावें, याचा डोळा येतो.

बिनदांड्याची सायकल ही केवळ कपाटांतील वस्तु नव्हे. मानव विकास कार्यक्रमांतून महाराष्ट्रांतील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठीं सायकली देण्यांत आल्या. गोंदिया हा त्या कार्यक्रमांतीलच एक जिल्हा. धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यानें शाळेस निघालेली मुलगी जी सायकल चालविते, ती बहुधा याच वंशाची. उलट तामीळनाडूंतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत साक्षरतेच्या चळवळीबरोबर १९९२ च्या सुमारास हजारों खेडवळ स्त्रिया सायकल शिकल्या, तेव्हां बायकांच्या सायकली अपुऱ्या पडल्या. मग त्यांनीं पुरुषांच्याच घेतल्या, आणि कित्येकींना त्याच अधिक पसंत पडल्या. कारण दांड्यावर मूल बसवितां येतें! कोणती सोय आपली, हें चालविणारीनेंच ठरवावयाचें असतें.

म्हणून दवनीवाड्याची ती सायकल जोडून झाली, चाकांचा आउट काढला, सळया जुळविल्या, कीं तिची पहिली फेरी त्या घरांतील मुलीनें किंवा सुनेनें काढावी. उतारावर नव्हे, सपाट रस्त्यावर. आणि पाऊस नसतांना, कारण ओल्या रिमेवर सळयांचे ब्रेक फार उशिरां ऐकतात. सीटची उंची तिच्या पायांस लावून घ्यावी, आजीच्या नव्हे. दहापंधरा मैल झाल्यावर दोन्ही कॉटरपिनांचे नट पुन्हां आवळावे, आणि आठ दिवसांनीं आणखी एकदां. नव्या पिना बसतां बसतां थोड्या सरकतातच.