दोन गोधड्यांचा प्रश्न
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या अनुभवांवर बोलायला सांगितलं होतं. मी मात्र कुत्र्याच्या केसांवर बोलणार आहे. हसू नका. त्या केसांनी मला याच शाळेतला एक धडा पुन्हा शिकवला. शिवाय एका वर्गमित्राची माफी मागायची राहिली आहे, तीही आज मागून टाकते.

आठवीतला पावसाळा आठवा. डिंभ्याचा पाऊस, पत्र्यावरचा आवाज, पुढच्या बाकावरच्यालाही सर ऐकू येईनात. त्या गोंगाटात विज्ञानाच्या सरांनी विचारलं होतं, “एका जाड गोधडीपेक्षा दोन पातळ गोधड्या जास्त ऊबदार का?” उत्तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे: दोन गोधड्यांच्या मध्ये हवा अडकते आणि हवा उष्णतेची मंदवाहक असते. मी ते उत्तर लिहून पूर्ण गुण मिळवले.

त्याच तासाला सरांनी आपल्या एका मित्राची घोंगडी मागून घेतली आणि तिच्यावर पाणी शिंपडलं. थेंब वरच्या वर घरंगळले. जाडीभरडी लोकर पाणी लवकर आत घेत नाही, हे सर दाखवत होते. आम्ही मुली मात्र नाकाला रुमाल लावून बसलो होतो. त्याचे आजोबा मेंढ्या राखायचे, तो घोंगडीची खोळ घेऊन शाळेत यायचा आणि ओल्या लोकरीच्या वासावरून आम्ही त्याला वर्षभर चिडवलं.

आता पुण्यात येऊ. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब परदेशी गेलं आणि त्यांचा हस्की आमच्याकडे आला. लेकीने नाव ठेवलं भोलू. हस्की मूळचा सैबेरियाचा, बर्फावर गाडी ओढणारा कुत्रा. फेब्रुवारी संपता संपता त्याच्या अंगावरून कापसासारखे पुंजके निघायला लागले. सोफ्यावर केस, डब्यात केस, लॅपटॉपच्या कळांमध्ये केस. एप्रिलच्या उन्हात तो धापा टाकताना पाहून मला वाटलं, बिचारा एवढा कोट घालून बसलाय, काढून टाकू. केस कापणाऱ्याकडे नेलं आणि मशीन फिरवून घेतलं. मला मी फार दयाळू वाटले.

मे महिन्यात त्याला घेऊन गावी आले. दुपारच्या उन्हात पाठीची कातडी लाल झाली. पहाटे धरणावरून वारा आला की अंग चोरून बसायचा. तेव्हा घोंगडीवाला मित्र भेटायला आला. त्याने भोलूच्या पाठीवरून उलटा हात फिरवला आणि म्हणाला, “अगं, मेंढीची लोकर आपली आपण गळत नाही, म्हणून ती कातरावी लागते. याची गळत होती ना? मग कशाला कातरलीस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अभियांत्रिकीची पदवी, वीस वर्षांची नोकरी, सगळं गप्प.

मग नीट समजून घेतलं. हस्की, जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, पॉमेरियन या कुत्र्यांच्या अंगावर दोन थर असतात. खाली दाट, मऊ लोकर असते आणि तिच्यात हवा अडकते. वर लांब, राठ केस असतात. ते पाणी घरंगळवतात आणि ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत. म्हणजे आत गोधडी, बाहेर घोंगडी! दिवस मोठा होऊ लागला की खालची लोकर गळते आणि कोट आपोआप हलका होतो. कुत्र्याचं घामाने अंग गार होत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. तो गार होतो धापा टाकून. म्हणजे मशीन फिरवून मी भोलूला गारवा दिलाच नाही, त्याचं छप्पर तेवढं काढलं.

पुन्हा केस येताना खालची लोकर आधी भरते, राठ केस मागे राहतात. भोलूचा कोट सारखा व्हायला दीड वर्ष लागलं. काही कुत्र्यांचा तर पूर्वीसारखा होतच नाही.

सगळ्या कुत्र्यांचं असं नसतं. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली होती. त्यांत हिमालयातला मेंढपाळी कुत्रा आहे, दाट दुहेरी कोटाचा. आणि मुधोळ हाउंडही आहे, आपल्याकडे ज्याला कारवान म्हणतात तो, आखूड गुळगुळीत केसांचा. एकाच देशातले दोघे, पण ज्याचा त्याचा मुलूख त्याच्या अंगावर लिहिलेला.

तुमच्यापैकी कित्येकांकडे आता अशी कुत्री आहेत, म्हणून थोडं कामाचं सांगते. कोट कातरू नका, विंचरा. केस गळायच्या दिवसांत लांब दातांच्या फणीने खालची सुटलेली लोकर रोज काढा, म्हणजे हवा खेळते. पावसात भिजला किंवा अंघोळ घातली, तर मुळापर्यंत कोरडा करा. खालचा थर ओला राहिला की कातडीला जखमा होतात. फिरायला न्यायचं ते ऊन चढायच्या आत. आणि खरं सांगायचं तर कोट शाबूत ठेवला म्हणून पुण्याचा मे महिना हस्कीला मानवतो, असं मुळीच नाही. नवीन कुत्रा आणणार असाल, तर आपल्या हवेतलाच आणा.

आमच्या कामात एक नियम आहे. जुन्या प्रणालीतली एखादी ओळ निरुपयोगी दिसली, तरी ती कशासाठी लिहिली आहे हे कळल्याशिवाय पुसायची नाही. कामावर येणाऱ्या नव्या मुलांना मी हे दरवर्षी बजावते. घरी मात्र एका दुपारी सगळाच कोट पुसून टाकला.

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी आठवीत लिहिलं, पण मला ते कळलं चाळिशीत. आणि मित्रा, तू मागच्या रांगेत बसला आहेस, मला दिसतो आहेस. त्या घोंगडीत जे शास्त्र होतं, त्याला आम्ही वास म्हणालो. आज सगळ्यांसमोर तुझी माफी मागते. भोलूही आला आहे, बाहेर गाडीपाशी सावलीत बसलाय. जेवण झाल्यावर त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवून बघ आणि कोट बरा जमलाय का, ते तूच सांग.