कागद आपल्या भाषेत मागा



पुढे गुन्हा करील म्हणून खटल्यावाचून माणसाला तुरुंगात ठेवणे, याला स्थानबद्धता म्हणतात. पण सरकारच्या या हातालाही लगाम आहे. राज्यघटनेचे कलम २२ सांगते : कारणे लवकर कळवा, म्हणणे मांडू द्या.

नागपुरात हरिकिसन यांना असे धरले. कारणे दिली ती इंग्रजीत! त्यांना इंग्रजी येईना. हिंदीत मागितली, तर मिळाली नाहीत. पोलिसाने तोंडी समजावले, तेवढे पुरे म्हणे! ते कोर्टात भांडले. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडले. माणसाला कळेल अशा भाषेत कारणे दिली नाहीत, तर ती कळवलीच नाहीत, असे कोर्ट म्हणाले.

आम्ही एवढेच सांगतो : कुणावर असा प्रसंग आला, तर कारणे आपल्या भाषेत लेखी मागा. नीट वाचा. वाचले, तरच उत्तर देता येते.