चाक टणक कीं मऊ?

चाक जितकें टणक तितकें तें वेगानें पळतें, अशी एक समजूत स्केटबोर्ड चालविणाऱ्या मुलांमध्यें फार दिवसांपासून रूढ आहे. ती अगदींच निराधार आहे असें नव्हे. आगगाडीचें चाक पोलादी, रूळहि पोलादी. आणि या जोडींत ऊर्जेचा अपव्यय इतका थोडा होतो कीं, सपाट रुळावर एक टन ओझें संथपणें चालतें ठेवण्यास एक-दोन किलो वजनाइतकी ओढ पुरते. पण तेंच पोलादी चाक रुळावरून उतरवून दगडी रस्त्यावर आणलें तर काय होतें, हें लोखंडी धांवेच्या बैलगाडींत एकदां बसलेल्या माणसास निराळें सांगावें लागत नाहीं. चाक तेंच, ओझें तेंच. बदलली ती फक्त जमीन. तेव्हां एकट्या चाकाला वेगवान किंवा मंद म्हणण्यांत अर्थ नाहीं. वेगवान किंवा मंद असते ती चाकाची आणि जमिनीची जोडी. ही साधी गोष्ट वेळेवर ध्यानांत न आल्यामुळें हा खेळ एकदां जवळजवळ संपलाच होता.

स्केटबोर्ड ज्यांनीं जवळून पाहिला नसेल अशा श्रोत्यांकरितां त्याचें वर्णन थोडक्यांत असें: सुमारें पाऊण मीटर लांबीची लाकडी फळी, तिच्याखालीं पुढें व मागें एकेक आंस, आणि प्रत्येक आंसाला दोन चाकें. एक पाय फळीवर ठेवावयाचा, दुसऱ्यानें जमीन मागें रेटावयाची, आणि वेग आला कीं दोन्ही पाय वर घेऊन तोल सांभाळीत जावयाचें. सुकाणूं नाहीं, ब्रेक नाहीं, स्प्रिंगा नाहींत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फळी घेऊन लाटांशीं खेळणाऱ्या तरुणांनीं, लाटा नसलेल्या दिवसांची सोय म्हणून, १९५० च्या आगेंमागें हा खेळ काढला. आणि त्यासाठीं रोलर-स्केटचीं पोलादी चाकें काढून फळीला बसविलीं. पुढें १९६० नंतरच्या वर्षांत पोलादाची जागा 'क्ले' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मिश्रणाच्या चाकांनीं घेतली. हीं चाकें पोलादापेक्षां कमी आवाज करीत. पण टणकपणा त्यांचाहि मोठाच होता. रोलर-स्केटिंगच्या बंदिस्त जागेंत, घोटीव लाकडी जमिनीवर, तीं उत्तम धांवत. तींच मुलांनीं उघड्या रस्त्यावर आणलीं, तेव्हां हरभऱ्याएवढा खडाहि त्यांना पुरे होई. चाक खड्यावर अडे, फळी जागच्या जागीं थबके, आणि वर उभा असलेला मुलगा मात्र आपल्या मूळच्या वेगानें पुढें फेंकला जाई. १४ मे १९६५ च्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर, धांवत्या स्केटबोर्डावर हात टेकून उलटी उभी राहिलेली पॅट मॅक्गी झळकली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत अनेक अमेरिकन शहरांनीं अपघातांच्या भीतीनें या खेळास बंदी केली. जी लाट एवढ्या जोरानें आली होती ती तितक्याच जोरानें ओसरली. दोष मुलांच्या धाडसाला दिला गेला. चाकाकडे बोट दाखविणारे थोडेच होते.

१९७० सालीं फ्रँक नॅस्वर्दी हा तरुण व्हर्जिनिया संस्थानांतील पर्सेलव्हिल येथें आपल्या मित्राच्या वडिलांच्या प्लॅस्टिकच्या कारखान्यांत गेला होता. तेथें रोलर-स्केटकरितां बनविलेलीं पॉलियुरेथेनचीं चाकें त्याच्या दृष्टीस पडलीं. पॉलियुरेथेन हा पदार्थ तेव्हां नवा नव्हता. जर्मनींत लेव्हरकुसेन येथें ऑटो बायर व त्याचे सहकारी यांनीं त्याचें रसायन १९३७ सालींच सिद्ध केलें होतें. बंद जागेंतल्या घोटीव जमिनीवर तरबेज खेळाडूंना हीं मऊ चाकें जड वाटत. त्यांची पकड चांगली, म्हणून तीं नवशिक्यांकरितां योजिलेलीं होतीं. नॅस्वर्दीनें तीं आपल्या फळीला लावून रस्त्यावर नेलीं. जें चाक आंत मंद ठरलें होतें तेंच बाहेर वेगवान ठरलें. कांहीं वर्षांतच कॅलिफोर्नियांत 'कॅडिलॅक व्हील्स' या नांवानें त्यानें तीं विकावयास आणलीं, आणि मेलेला म्हणून सोडून दिलेला खेळ पुन्हां उठून उभा राहिला.

असें कां व्हावें? फिरत्या चाकाची ऊर्जा मुख्यतः दोन वाटांनीं नाहींशी होते. पहिली वाट चाकाच्या पोटांतूनच जाते. वजनाखालीं चाकाचा जमिनीस टेकलेला भाग किंचित् दबतो आणि चाक पुढें गेलें कीं पुन्हां फुगतो. दबतांना जी ऊर्जा त्यानें घेतली, ती फुगतांना सर्वच्या सर्व परत मिळत नाहीं; कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें आंतच जिरतो. मऊ चाक अधिक दबतें, म्हणून सामान्यतः त्याचा हा तोटा अधिक. जमीन कांचेसारखी गुळगुळीत असेल तर हिशेब येथेंच संपतो आणि टणक चाक जिंकतें. घोटलेल्या काँक्रीटच्या मैदानांत, अथवा लाकडी उतारांवर खेळणारे लोक टणक चाकें पसंत करतात, तें याच कारणानें.

दुसरी वाट जमिनीच्या अंगानें जाते, आणि नवशिक्यांच्या हिशेबांतून राहून जाते ती हीच. डांबरी रस्ता दुरून सपाट दिसला तरी जवळून पाहिल्यास तो बारीक खडीच्या माथ्यांचा बनलेला असतो. टणक चाक या प्रत्येक माथ्यावर चढतें आणि पलीकडे आदळतें. प्रत्येक चढावाला चाकासह फळी आणि फळीवरचा माणूस केसभर कां होईना वर उचलला जातो. उचलण्याचें हें काम पुढें जाण्याच्या वेगांतूनच वजा होतें. खालीं येतांना तें परत मिळावें, पण मिळत नाहीं. तें कंपन होऊन फळींत शिरतें, फळींतून घोट्यांत, गुडघ्यांत, आणि अखेर स्नायूंत जिरून जातें. खडबडीत रस्त्यावर टणक चाकांनीं फर्लांगभर गेल्यावर तळपायांना ज्या झिणझिण्या येतात, ती या वाया गेलेल्या ऊर्जेची पावतीच म्हणावयाची. मऊ चाक खडीचे माथे स्वतःच्या अंगांत सामावून घेतें. त्याचा पृष्ठभाग दबतो, पण आंस जवळजवळ सरळ रेषेंत चालत राहतो. स्वतःच्या पोटांत थोडी अधिक ऊर्जा गमावून तें दुसऱ्या वाटेची मोठी गळती थांबवितें. रॉबर्ट थॉमसनच्या १८४५ च्या पेटंटांत आणि १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉपनें आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसविलेल्या हवेच्या धांवेंत हेंच तत्त्व होतें. ऊंस वाहणाऱ्या गाड्यांना लोखंडी धांवेऐवजीं टायर लागले तेव्हां बैलांच्या मानेवरील ताण हलका झाला, तोहि याचाच परिणाम होय.

सुटा खडा हा प्रकार निराळाच, कारण तेथें चाकाचा आकारहि मध्यें येतो. ५२ मिलिमीटर व्यासाचें टणक चाक ३ मिलिमीटर उंचीच्या खड्याला टेकून स्थिर उभें आहे, आणि खडाहि हलत नाहीं असें धरलें, तर भूमितीच्या हिशेबानें त्याला खड्यावर चढविण्यासाठीं त्या चाकावरील वजनाच्या निम्म्याहून थोडें अधिक आडवें बळ लागतें. ७० मिलिमीटर व्यासाच्या चाकास तें सुमारें ४४ टक्के लागतें. चाक मऊ असेल तर खडा अर्धामुर्धा त्याच्या अंगांतच बुडतो आणि चढावयाची उंचीच कमी होते. म्हणून रस्त्यानें प्रवास करणाऱ्यांचीं चाकें मऊहि असतात आणि मोठींहि. आणि अशा वेळीं मिळालेला सर्व लाभ एकट्या मऊपणाच्या खातीं जमा करणें न्याय्य होणार नाहीं.

टणकपणा मोजावयाच्या यंत्रास ड्युरोमीटर म्हणतात, आणि त्याचें माप अल्बर्ट शोअर याच्या नांवानें चालतें. 'शोअर ए' या पट्टीचें यंत्र साधें आहे: बोथट टोंकाची एक लहानशी सुई स्प्रिंगच्या बळानें पदार्थांत दाबावयाची. ती पूर्ण अडीच मिलिमीटर आंत गेली तर अंक ०, मुळींच गेली नाहीं तर १००. चाकांवर ७८ ए, ८७ ए, ९९ ए असे जे अंक छापलेले असतात ते हेच. कांहीं चाकांवर १०१ ए किंवा १०३ ए असेंहि छापलेलें आढळतें. ज्या पट्टीचा शेवटच शंभरावर होतो तिच्यावर एकशें-तीन वाचणें म्हणजे शंभर पैशांच्या रुपयांतून एकशें-तीन पैसे मोडून घेण्यासारखें आहे. कांहीं कारखानदार अशा चाकांसाठीं 'बी' पट्टी वापरतात, आणि तेंच अधिक प्रामाणिक. तिच्यावरील ८४ हा अंक 'ए' पट्टीवरच्या सुमारें १०४ च्या जोडीचा धरतात. शिवाय पॉलियुरेथेन तापलें कीं मऊ होतें. सुखावह तपमानांत मोजलेला अंक भर दुपारच्या डांबरावर तसाच राहील, अशी अपेक्षा करूं नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, चाक किती दबतें हें अंक सांगतो. दबल्यावर किती ऊर्जा परत देतें हें तो सांगत नाहीं. एकाच अंकाचीं दोन चाकें वेगात अगदीं भिन्न निघूं शकतात. स्वस्त मालाचें चाक दबतें आणि सुस्तपणें फुगतें. चांगल्या पॉलियुरेथेनचें चाक चेंडूसारखें उसळतें. दोन सारख्या वजनाचीं व आकाराचीं चाकें एकाच उंचीवरून फरशीवर सोडलीं, तर अधिक उडणारें चाक ऊर्जा अधिक परत देणारें आहे, एवढा अंदाज दुकानांतहि करतां येतो.

सामान्यतः घोटीव काँक्रीटवर ९७ ते १०१ ए आणि ५० ते ५४ मिलिमीटर. रस्त्यावरच्या प्रवासास ७८ ते ८७ ए आणि साठ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठीं चाकें, अशी वाटणी झालेली आढळते. मधले अंक दोन्हींकडे थोडेथोडे चालतात. परंतु डोंगरउतारावर शर्यत करणारे लोक, ज्यांना सर्वांत अधिक वेग हवा, तेहि मऊच चाकें लावतात. याचें कारण पकड. २०१७ सालीं कॅनडांत क्वेबेक प्रांतांतील ले एबुलमाँ येथील उतारावर पीट कॉनोली यानें ताशीं १४६.७३ किलोमीटर वेग गांठला. एवढ्या वेगांत चाकाच्या पोटांतील तोटा किरकोळ होऊन जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें तोच सारा हिशेब व्यापून टाकतो, आणि वळणावर फळी घसरली तर जीव जाण्याचा प्रसंग. टणकपणाचा प्रश्न खऱ्या अर्थानें महत्त्वाचा असतो तो शाळेपासून घरापर्यंत पायानें रेटीत जाणाऱ्या मुलाला. कारण त्याच्या मंद वेगांत हवा थोडें अडविते आणि चाक फार अडवितें.

अशा मुलाला आपल्या रस्त्यावर कोणतें चाक बरें, हें अंकावर विसंबून न राहतां स्वतः मोजतां येतें. एक लहानसा उतार आणि त्यापुढें लांब सपाट, रहदारी नसलेली जागा पाहावी. उताराच्या एका ठराविक खुणेपासून पाय न मारतां सुटावें आणि फळी थांबेल तेथपर्यंतचें अंतर मोजावें. उभें राहण्याची ढब तीच, आंतल्या गोळ्यांचीं बेअरिंगें तींच, फक्त चाकें बदलावीं. वाऱ्याचें पडलेलें झुकतें माप लक्षांत यावें म्हणून प्रत्येक चाकाच्या चार-पांच फेऱ्या करून सरासरी घ्यावी. उताराची उंची भागिलें एकूण आडवें अंतर, एवढ्यावर विरोधाचा ठोकळ अंक मिळतो: ३० सेंटिमीटर उतरून फळी १५ मीटरांवर थांबली, तर वजनाच्या पन्नासाव्या भागाइतका विरोध झाला. हाच प्रयोग मग शाळेच्या घोटीव फरशीवर आणि घरासमोरच्या डांबरावर वेगवेगळा करावा. दोन्हीं ठिकाणीं एकच चाक पहिलें येणें क्वचितच घडतें. आणि डांबरावरचें उत्तर रस्त्यावर नवी खडी पडली कीं पुन्हां तपासावें लागतें.